बॉनेटवरचं कुंकू

ढोकीला कारखान्याच्या रस्त्यावर शिवकन्याचं पत्र्याचं शेड आहे. गाड्या धुणं आणि पॉलिश. नवरा गेल्यावर तिनं त्याचाच बंद पडलेला पंप चालू केला. सासरच्यांनी तोंडं फिरवली, तिनं पाइप हातात घेतला. उसाच्या रस्त्याची धूळ खाऊन आलेली गाडी तिच्याकडून आरशासारखी होऊन जाते. पण तिचा एक हट्ट आहे. सिलिकॉनचं पॉलिश बॉनेटला, दारांना, टायरच्या बाजूला. पेडलला मात्र नाही, कुणी पाया पडलं तरी. "चकाकीपायी ब्रेकवरनं पाय घसरला, तर मला शिव्या द्यायलाबी मागं कुणी उरायचं न्हाय," असं ती तोंडावर सांगते.

घटस्थापनेच्या दिवशी बब्रुवानची गाडी आली. जुनीच घेतलेली, पण त्यांच्या घरातली पहिली. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला न्यायची होती. शिवकन्यानं सकाळपासून खपून ती धुतली, पॉलिश केली. दुपारी घरची मंडळी न्यायला आली आणि पूजा तिथंच मांडली.

बब्रुवानची आई धुरपताबाई ओलं कुंकू बोटावर घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढू लागली. कुंकू काही ठरेना. रेघ ओढली की तिचे थेंब व्हायचे आणि नंबरप्लेटकडं ओघळायचे. पुन्हा काढलं, पुन्हा तेच.

"बब्रुवान, गाडी कुंकू घेईना रं!" म्हातारीचा हात थांबला. मग तिची नजर शिवकन्याच्या मोकळ्या कपाळावर गेली. "कुणाचा हात फिरवून घेतलास गाडीवर? आईच्या दारात जायचंय, एवढं कळू नये?"

शेजारच्या टपरीवरची माणसं चहा हातात घेऊनच उठून आली. बब्रुवान खाली बघत म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पर पूजेच्या गाडीला हितून पुढं दुसऱ्या कुणाचा तरी हात लावत जावा."

शिवकन्याच्या ध्यानात आलं, गोष्ट एका गाडीची राहिली नाही. दसऱ्याला येणारी प्रत्येक गाडी पूजेचीच असते. आज मान खाली घातली, तर शेडला कुलूपच.

"वाईट वाटलंय, दादा, आन् ते मी वाटून घेणारबी हाय. पर आधी एक बघा. मावशी, तुमची सून सवाष्ण हाय का न्हाय?"

"डोळं फुटलं व्हय तुझं? हाय की!"

शेडमध्ये भंगारातल्या गाडीचं एक दार पडलं होतं. शिवकन्यानं पॉलिशचं फडकं धुरपताबाईच्या सुनेच्या, सृष्टीच्या हातात दिलं. "निम्म्या दाराला लाव बाई, निम्मं कोरं ठेव." सृष्टीनं चोळलं. दार उभं करून शिवकन्या म्हणाली, "आता काढा, मावशी."

कोऱ्या पत्र्यावर कुंकू नीट उमटलं. सृष्टीनं चोळलेल्या बाजूवरून ते थेंब थेंब पळालं.

"सिलिकॉनचा थर हाय हा. पाऊस थांबत न्हाय त्यावर, चिखल थांबत न्हाय. हात सवाष्णीचा का विधवेचा, त्याला काय कळतंय?"

"मावशे, आता सुनंलाबी घराबाहेर काढतीस का?" टपरीवाला ओरडला. हशा पिकला. सृष्टी पदराआड हसली.

धुरपताबाई मात्र हटली नाही. "ते पॉलिशचं झालं. रीत ती रीत. सृष्टी, तू काढ कुंकू."

शिवकन्यानं स्पिरिटच्या फडक्यानं बॉनेटवरचा तळहाताएवढा भाग घासून पॉलिश उतरवून कोरा केला आणि कुंकवाचं ताट स्वतःच उचललं.

"न्हाय मावशी. चाकाखाली निजून म्या चिखल खरवडला, तवा माझा हात चालला. आता आईचं नाव घ्यायच्या वक्ताला तो बाटला व्हय? आई माझीबी हाय. पहिलं बोट माझं. चालत नसंल तर गाडी अशीच घेऊन जावा."

कुणी पुढं आलं नाही, कुणी अडवलंही नाही. तिनं स्वस्तिक काढलं. ठसठशीत उमटलं. "आई राजा उदो उदो!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. पहिला उदोकार सृष्टीनं दिला, मग बब्रुवाननं. धुरपताबाई तोंड फिरवून मागच्या सीटवर जाऊन बसली.

दसऱ्याला काही गाड्या आल्या, काही आल्या नाहीत. शिवकन्यानं कुणाला विचारलं नाही. आलेल्या प्रत्येक गाडीच्या बॉनेटचा तेवढा भाग स्पिरिटनं पुसायचा आणि कुंकवाचं पहिलं बोट आपलं उठवायचं. ज्यांना ते खपत नाही, त्यांना ती तेर गावच्या रस्त्यावरचं दुसरं शेड हातानं दाखवते आणि पंप चालू करते.