दोरैसाण्यांना आया देणारी अक्का

बंगल्यात पाऊल टाकले की अक्का आधी मुलाच्या मुठीत आपले एक बोट द्यायची. मूल ते किती घट्ट धरते हे पाहायची. मग मान वर करून समोरच्या गोऱ्या बाईला, म्हणजे आमच्या तंजावुरी बोलण्यात दोरैसानीला, अगदी गंभीरपणे विचारायची, "रडतं कोण आहे? लेकरू की आई?"

हा प्रश्न इंग्रजीत सांगायचे काम माझे. मी तो कधीच सरळ सांगितला नाही. "तुमची तब्येत कशी आहे, असं ती विचारते," एवढेच मी म्हणायचो. गंमत अशी की तेवढ्यानेही निम्म्या दोरैसाण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचे. मग अक्का मला धाकटा भाऊ मानून म्हणायची, "बघ तंबी, नीट सांगितलंस की कळतं त्यांना."

मी कालव्यांच्या इंजिनियरच्या कचेरीत कारकून होतो. पगार मिळायचा तो कालव्यांच्या दारांबद्दल पत्रे लिहिण्याचा. पण साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे. नवा साहेब आला की त्याच्याबरोबर लोखंडी पेट्या, एक पियानो आणि एखाद-दुसरे मूल यायचे. पेट्या गुदामात जायच्या, पियानोला वाळवी लागायची, आणि मुलाचे काय करायचे हा प्रश्न फिरत फिरत माझ्या टेबलावर यायचा. कालव्याच्या दारांवर मी काय लिहिले ते आज कोणाला आठवत नाही. आयांच्या बाबतीत मात्र मी जिल्ह्यातला जाणकार समजला जात होतो, आणि ती सगळी जाण अक्काची होती.

अक्का राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीत राहायची. तिच्या आजीने राजवाड्यातली मुले खेळवली होती. पुढे इंग्रजांनी राज्य खालसा केले. वाड्यातले हत्ती गेले, घोडे गेले, आणि पाळणेही कमी झाले. अक्काचा नवरा लवकर वारला. पदरात एक मुलगा होता. त्याला सासूजवळ ठेवून ती गोऱ्यांच्या बंगल्यांवर जाऊ लागली. वय झाल्यावर तिने स्वतः जाणे कमी केले आणि दुसऱ्या बायका लावून द्यायला सुरुवात केली. कोणत्या घराला कोणती बाई मानवेल हे तिला घराच्या ओसरीवरूनच कळायचे.

गल्लीतले आमचे लोक तिच्यावर हसायचे. "परक्या मुलखात यायचं, आणि पोरं दुसऱ्यांच्या हाती द्यायची, ही काय रीत?" असे एक निवृत्त शिरस्तेदार ओट्यावर बसून म्हणायचे. अक्का एकदा थांबली आणि म्हणाली, "मामा, आपले पूर्वज इकडे आले तेव्हा आपली पोरं कोणी सांभाळली? तमिळ बायांनीच की. नाही तर तुम्ही मराठी बोलताना असे गाणं म्हटल्यासारखे का बोलता?" शिरस्तेदार रागाने तमिळमध्ये काहीतरी बोलले.

तर एकदा एक तरुण इंजिनियर आला. बायको त्याहून तरुण. मूल सात महिन्यांचे, आणि बरोबर एक जाडजूड पुस्तक. हिंदुस्थानात नव्याने आलेल्या बायकांनी घर कसे चालवावे ते त्यात लिहिलेले होते. लिहिणारी बाई हिंदुस्थानात किती दिवस राहिली होती हे मात्र त्यात नव्हते. दोरैसानी बोट ठेवून ठेवून वाचायची आणि मला विचारायची.

पुस्तकाप्रमाणे मार्ग तीन होते. पहिला, विलायतेहून नर्स आणायची. तिला बोटीचे भाडे, वेगळी खोली आणि चार वाजताचा चहा द्यायचा, आणि सहा महिन्यांत तिने एखाद्या सार्जंटशी लग्न केले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दुसरा, मद्रासची इंग्रजी बोलणारी आया. ती महाग, आणि दुपटी धुवायला तिला हाताखाली आणखी एक बाई लागते. तिसरा मार्ग गावातली बाई. ती स्वस्त, पण "विश्वासू नसते," असे पुस्तकात तिरप्या अक्षरांत छापलेले होते.

मी अक्काला घेऊन गेलो. तिने बरोबर एक बाई आणली होती. त्या बाईने जुन्या मालकिणीची चिठ्ठी पुढे केली. दोरैसानीने ती मोठ्याने वाचली. "हिच्या हाती मूल निर्धास्त द्यावे. ते परत मिळेल याची मात्र खात्री नाही."

"म्हणजे ही मुलं पळवते?" दोरैसानी घाबरून म्हणाली.

मी अक्काला विचारले. अक्का हसली. "पळवत नाही, लेकरंच हिला चिकटतात. सांग त्यांना, त्यावर उपाय आहे. माझी एक अट असते. आईनं रोज एक तास लेकरू स्वतःच्या मांडीवर घ्यायचं. आयानं तेव्हा दूर बसायचं."

"मग मी पगार कशाचा देणार?" दोरैसानीने विचारले. तिचा प्रश्न खरोखरचा होता, त्यात कुचेष्टा नव्हती.

"त्या तासाचाच," अक्का म्हणाली. "बाकीचा वेळ लेकरू फुकट सांभाळू."

असले काही पुस्तकात नव्हते. दोरैसानीने आम्हाला चहा न देता परत पाठवले आणि मद्रासहून आया मागवली. ती पांढरेशुभ्र लुगडे नेसून आली. तिला इंग्रजी येत होते, आणि तिच्या हातात मूल कधी रडत नव्हते. दोरैसानी सगळ्यांना सांगायची की चांगली आया ओळखायची ती अशी.

दोन महिन्यांनंतरची गोष्ट. साहेब कालव्यांच्या पाहणीसाठी बाहेरगावी गेले होते. मी काही कागद घेऊन बंगल्यावर गेलो. चार वाजता जज्जसाहेबांची बायको चहाला यायची होती, म्हणून व्हरांड्यात मेजावर कापड घातले जात होते. अक्का मागच्या दाराने स्वयंपाक्याकडे शेवग्याची पाने द्यायला आली होती. नकार मिळालेल्या घरांतली मुलेही ती अशी येता-जाता पाहून घ्यायची.

मूल पाळण्यात झोपले होते. अक्काने वाकून त्याच्या मुठीत बोट दिले. मूठ मिटली नाही. तिने मुलाची पापणी वर केली आणि तोंडाजवळ नाक नेले. मग तिने त्याला उचलले, आणि त्याचे डोके ओल्या कपड्यासारखे मागे पडले.

"तंबी, अफू दिलीय ह्याला," ती म्हणाली. "डॉक्टरला बोलाव."

डॉक्टर पापनाशमला गेला होता. मी माणूस धाडला, पण डॉक्टर संध्याकाळच्या गाडीशिवाय येणार नव्हता. दोरैसानी धावत आली. मी तिला सांगितले. पुस्तक मेजावर होते. तिने ते उघडले, पाने उलटली, आणि तसेच टाकून दिले.

अक्काने तिच्या हातात मूल दिले. "ह्याला झोपू द्यायचं नाही. चालायचं. आणि ओरडायचं. सांग तिला, ओरड म्हणावं."

मी दोरैसानीला म्हणालो, "बाईसाहेबांनी कृपा करून जरा मोठ्या आवाजात बोलावे, अशी तिची विनंती आहे."

दोरैसानी मुलाच्या कानाशी हळूच काहीतरी पुटपुटली.

"हे काय देवळात आहे का?" अक्का माझ्यावर कडाडली. "मी सांगितलं तसं सांग!"

तेव्हा मी, कालवे कचेरीतला दुय्यम कारकून, माझ्या साहेबाच्या बायकोवर खेकसलो, "ओरडा, बाई! ओरडा!" साऱ्या नोकरीत गोऱ्या माणसाला मी दिलेला तो एकच हुकूम.

ती ओरडली. सुरुवातीला मुलाचे नाव घेऊन, मग नुसतीच. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत होती. अक्का बरोबरीने चालत मुलाच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती, तोंडावर गार पाणी शिंपडत होती. दोरैसानीचे पाय थकले की अक्का मूल घ्यायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिच्या हातात द्यायची. जज्जसाहेबांची बायको बग्गीतून उतरली, तिने पायऱ्यांवरून हा प्रकार पाहिला, आणि ती तशीच परत गेली. पुढे आठवडाभर तिने गावात काय सांगितले असेल ते तुम्हीच ठरवा.

ऊन कलत आले तेव्हा मुलाने तोंड वेडेवाकडे केले. एक बारीक, मांजरीसारखा आवाज आला. मग त्याने जे भोकाड पसरले ते फाटकापर्यंत ऐकू गेले. त्या घरात दोन महिने कोणी ऐकला नव्हता तो आवाज. दोरैसानी जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसू लागली. "रडतोय," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "ऐकलंत? रडतोय!"

डॉक्टर आला तोवर मूल दूध पीत होते. मग आयेला समोर उभे केले. तिने कबूल केले. बाईसाहेबांना पाहुण्यांसमोर रडणे नको होते, म्हणून रोज ती नखाएवढी अफू द्यायची, आज हात जरा सैल पडला. बातमी ऐकून आलेला साहेबांचा हेडक्लार्क म्हणाला, पोलिसांत द्या. अक्का कोपऱ्यात बसून मनगटे चोळत होती. ती म्हणाली, "हिनं अफू दिली. शांतता कोणी मागितली होती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "तिला फार वाईट वाटतंय, असं ती म्हणते."

दोरैसानीने मला थांबवले. "नाही. तिने खरं काय म्हटलं ते सांगा."

माझ्या घरी खाणारी चार माणसे होती. तरी मी सांगितले. मग दोरैसानीने आयेला गाडीभाडे देऊन मद्रासला परत पाठवायला सांगितले, पोलिसांचे नाव काढले नाही, आणि अक्कासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही याल?" तिने विचारले. हे मला अक्काला सांगावे लागले नाही.

अक्का तीन वर्षे त्या घरात राहिली. लोखंडी पाळणा अडगळीत गेला. जुन्या लुगड्याची झोळी व्हरांड्याच्या तुळईला टांगली गेली. तिचा तो तास दोरैसानी पाळायची, आणि पुढे पुढे तो तास संपला तरी मूल परत द्यायची नाही. मूल बोलायला लागले ते आमच्या बोलीत. साहेब जेवायला बसले की मूल "आंबटभात वाढ गे" म्हणायचे. साहेबांनी मला विचारले, हा काय म्हणतो. मी म्हणालो, प्रार्थना.

आणि मग अक्काच्या मुलाचे पत्र आले. तो रंगूनला एका गोदीत कारकून होता, दीड वर्षापूर्वीच बायकोसह गेला होता, आणि त्याला मुलगी झाली होती. आमच्याकडे मराठी बोलणारे सगळे, पण ती अक्षरे वाचणारे थोडे. त्याने पत्र तमिळमध्ये लिहिले होते. बंगल्याच्या व्हरांड्यात मी ते अक्काला वाचून दाखवले.

त्याने सगळे व्यवस्थित मांडले होते. बर्मी बाई ठेवली तर महिन्याला एवढे, आणि तिची भाषा कळत नाही. तमिळ बाई मिळते, पण ती त्याहून महाग. "तू आलीस तर नागपट्टणहून बोटीच्या डेकचं भाडं एकदाच पडेल."

अक्काने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "म्हणजे सगळ्यांत स्वस्त मीच निघाले," ती म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

दोरैसानीने दुप्पट पगार देऊ केला. मग कळवळून विचारले, "पण त्याला बायको आहे ना? स्वतःचं मूल तिला स्वतः सांभाळता येत नाही का?"

हे मी अक्काला शब्द न शब्द सांगितले. अक्काने पत्राची घडी घालून कनवटीला लावली. मग मला म्हणाली, "ह्याचं उत्तर नको सांगू. चांगली बाई आहे."

ती गेली. तंजावूरच्या स्टेशनावर दोरैसानी स्वतः मुलाला कडेवर घेऊन आली होती, आया बरोबर नव्हती. मूल अक्काच्या पदराला धरून ओरडत होते, आणि कोणीही त्याला गप्प बस म्हणाले नाही.

वर्षभराने अक्काच्या मुलाची तक्रार आली. आई घरी कमी असते, शेजारच्या चेट्टियार सावकारांच्या, तेलुगू हमालांच्या पोरांकडेच जास्त असते, तुम्ही तिला लिहा. मी लिहिले नाही. लिहून ती ऐकणार नव्हती.

आणखी चार वर्षांनी त्याचे शेवटचे पत्र आले. अक्का तापाने गेली होती. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीत नव्हती, आणि नावे घेत होती. त्याने ती ऐकली तशी कागदावर उतरवली होती. ही माणसे कोण, आम्हाला काही कळत नाही, तुम्हाला माहीत असेल तर कळवा, कोणाला काही सांगायचे राहिले असेल.

अकरा नावे होती. मी ओळीने वाचत गेलो. बहुतेक गोऱ्यांची होती, तमिळ अक्षरांत मोडकीतोडकी झालेली. त्यातली काही मुले आता विलायतेत शाळेत असतील, त्यांना तिचा चेहराही आठवत नसेल. प्रत्येकाचे घर, प्रत्येकाचा व्हरांडा मला ठाऊक होता. त्यांतले नववे नाव होते बोम्मू, म्हणजे तमिळमध्ये बाहुले. त्याच्यापुढे त्याने लिहिले होते, "हे कोणा तमिळ घरातलं मूल असावं."

मी त्याला उत्तर पाठवले. दहा नावांचा पत्ता दिला. नवव्यापुढे लिहिले की आमच्या गल्लीत एक बाई रोज दिवस मावळता बंगल्यावरून परत यायची. तेव्हा तिचे दोन वर्षांचे मूल सासूच्या मांडीवर झोपून गेलेले असायचे. त्याला उठवायचे नाही म्हणून ती उंबऱ्यावर बसून त्याला अगदी हलकेच, त्याला ऐकू जाणार नाही अशी, या नावाने हाक मारायची. त्याचे पाळण्यातले नाव दुसरे होते. ते तुझ्या पत्राच्या खाली तूच सही करून लिहिले आहेस.