भरली गाडी सरळ

इंझोरीच्या शालिग्रामला कोणी विचारो न विचारो, लेक विमानतळावर काय करते हे तो सांगायचाच. "वैजयंती इमानं सांभायते. दोन इमानं एकमेकावर येऊ देत नाई."

तीच लेक दिवाळी नाही, लग्न नाही, अशी अवचित घरी आली आणि ताटावर बसून नुसती भाकर चिवडू लागली. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. तिनं चुकून दोन विमानं एकाच उंचीवर आणली होती. ध्यानात येताच एकाला घाईनं सांगितलं, खाली या. पण विमानांत यंत्रं असतात. ती आपसांत बोलून एकाला वर धाडतात, दुसऱ्याला खाली. या विमानाला यंत्र वर जा म्हणत होतं. अशा वेळी यंत्राचं ऐकायचं, माणसाचं नाही, असा नियम. वैमानिकानं तिचं ऐकलं नाही, म्हणून साडेतीनशे माणसं घरी पोचली. चौकशी झाली, परीक्षा पुन्हा झाली, सोमवारी हजर व्हा असं पत्रही आलं. पण तिला जायचं नव्हतं.

"मी जगदेवकाका झाली, बाबा," ती म्हणाली.

खाई त्याला खवखवे. शालिग्रामचा घास हातातच राहिला.

गावच्या पांदणीत एकच बैलगाडी मावते. दोन समोरासमोर आल्या तर भरली गाडी सरळ जाते, रिकामी बाजूला उतरते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जगदेवची रिकामी गाडी आणि शालिग्रामची कापसानं भरलेली गाडी धडकल्या. जगदेवच्या बैलाचा पाय मोडला. जगदेवच सरळ घुसला, असं शालिग्रामनं पारावर सांगितलं. पाहणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून रीत मोडून कोणी घोळ घातला, की शेंबडं पोरही म्हणतं, 'जगदेव झाला.' जगदेवनं पुन्हा गाडी जुंपली नाही. पारावरही तो फिरकत नाही.

"ते खोटं हाय," शालिग्राम म्हणाला. "जगदेव रीतीनं बाजूले उतरला होता. तो वयानं मोठा, म्हणून मीच मान द्याले गेलो. भरली गाडी त्याच बाजूले घातली."

"मंग पारावर तसं काहून सांगतलं?"

"भेलो."

"मी त त्याच दिवशी लिहून देल्लं," वैजयंती म्हणाली. "चूक माही हाय म्हणून."

ती रागानं बोलली नव्हती, तरी शालिग्रामला लाज वाटली. बैलासाठी वाटली नव्हती तेवढी वाटली.

"म्हणून त तुले परत बलावलं. तू जाय."

"आन तुमी?"

दुसऱ्या दिवशी तो जगदेवकडे गेला. जगदेव अंगणात दोर वळत होता. शालिग्रामनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

जगदेवनं मान वर केली नाही. "मले कायले सांगतं बाप्पा? मी त होतोच तिथं. पारावर सांग."

सोमवारी सकाळी कारंज्याची एसटी पारासमोर लागली. वैजयंती पिशवी घेऊन चढली, खिडकीशी बसली. शालिग्राम तिला हात करायला थांबला नाही. तो पारावर गेला, टोपी काढली आणि बसलेल्यांना म्हणाला,

"गड्याहो, आजपासून जगदेव झाला म्हनू नका. शालिग्राम झाला म्हना."