निळ्या डोक्यातले दाजी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हे सबंध शिरूर तालुक्यातले एकमेव परग्रहवासी. आमच्या खुटबावात कुणाचा जावई कंपनीत असतो, कुणाचा बँकेत, कुणाचा साखर कारखान्यावर. आमचा जावई नवव्या ग्रहाचा सेनापती. स्थळ आलं तेव्हा ते वडगाव रासाईचे साधे ऊस बागायतदार होते, तेव्हा आमची फसवणूक झाली असं म्हणायला पूर्ण वाव आहे. मी तसं म्हणतेही, दर दिवाळीला, त्यांच्या तोंडावर. ते कुठंतरी आभाळात बघत करंजी खातात.

झालं असं, की वाघोलीजवळच्या एका गोदामात विज्ञानकथांच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं. त्यांना रबराच्या सूटमध्ये दिवसभर चक्कर न येता उभा राहील असा उंच माणूस हवा होता. शहरातले व्यायामशाळेतले गडी तासाभरात आडवे व्हायचे. दाजी तिथं मित्राबरोबर सहज बघायला गेलेले. एप्रिलच्या उन्हात उसाच्या फडात उभा राहणारा माणूस तो, त्यांना त्या सूटमध्ये गारच वाटलं म्हणे. त्याच दिवशी त्यांच्या डोक्यावर दुधी भोपळ्याच्या आकाराचं निळं डोकं चढलं आणि त्यांची कारकीर्द सुरू झाली. आवाज मात्र त्यांचा घेतला नाही. "पृथ्वीवासीयांनो, तुमचा काळ संपला" हे वाक्य दाजींनी "तुमचा काळ संपला बगा, आता काय खरं न्हाई" असं म्हटलं, तेव्हा दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि आवाजाला पुण्याचा एक माणूस आणला.

म्हणजे चेहरा रबराचा, आवाज पुण्याचा. बाकी सगळे दाजी.

पण त्या बाकीच्या दाजींच्या अंगात विज्ञान असं काही शिरलं की विचारू नका. वीज गेली की सगळं गाव महावितरणला शिव्या घालतं, दाजी म्हणतात, सूर्यावर वादळ झालं असंल. मोटार जळाली तरी सूर्यच. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा त्यांनी गुरुत्वाकर्षणाचं कारण सांगितलं, आणि ताईनं ताट उचलून आत नेल्यावर ते मागे घेतलं. बिबट्याच्या भीतीनं गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन हिंडायची, त्याच दिवसांत दाजी सूट घालून उसाच्या कडेला सराव करत होते. ऊसतोडीला आलेला एक भैय्या समोर आला, त्यानं शांतपणे हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाला, "मालिक, हम कल ही गाँव जा रहे हैं." त्याला चहा पाजून, डोकं काढून दाखवून थांबवायला अख्खी दुपार गेली.

ते डोकं फार नाजूक. घामानं शिवणीत उसवायचं, आणि त्याची दुरुस्ती ताईकडे. पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबचे तुकडे घेऊन ती ओट्याशेजारी बसायची. एकदा आमच्या आईनं फोन केला तर ताई घाईत म्हणाली, "ह्यांचं डोकं फाटलंय, मागनं करते." आई होती तशी निघाली, भीमा ओलांडून दुपारपर्यंत रडत वडगावात पोहोचली, तर जावई ओसरीवर कलिंगड खात बसलेले. दुरुस्त झालेलं डोकं पिशवीत घातलं की चेपतं, म्हणून दाजी ते घालूनच गाडीवरून जायचे. शिक्रापूरच्या चौकात एका हवालदारानं अडवलं. तो घाबरला वगैरे नाही, त्या चौकात रोज काय काय बघावं लागतं त्याला. त्यानं एवढंच विचारलं, "हेल्मेट कुठाय?" दाजी म्हणाले, "सायेब, ह्या डोक्यावर कुठलंच बसत न्हाई." हवालदारानं खरोखर स्वतःचं हेल्मेट बसवून बघितलं आणि मगच सोडलं.

इतकं सगळं असून दाजींना एक दुःख होतं. त्यांचे वडील, आबा, त्यांना नट मानायला तयार नव्हते. एकुलत्या एक पोरानं ऊस वाट्यानं लावून रबर अंगावर चढवलं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. पारावर कुणी विषय काढला की आबा म्हणायचे, "त्या निळ्या बुजगावण्यात माझा पोरगा हाय हे मी कशावरनं मानू?" घरात मालिका लागली की ते टीव्हीकडे पाठ करून बसायचे. एकदा, फक्त एकदा, आपलं स्वतःचं तोंड टीव्हीवर यावं आणि आबांनी ते बघावं, बास, एवढंच दाजींना हवं होतं.

गावानं तर जखमेवर मीठच चोळलं. पोरांनी चौकात दाजींच्या अभिनंदनाचा भला मोठा फ्लेक्स लावला. खाली शुभेच्छुकांचे साठ-सत्तर फोटो, गॉगलसकट, वर सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि मधोमध 'गावचे सुपुत्र' म्हणून निळं डोकं, त्याला कॉम्प्युटरवर बांधलेला भगवा फेटा. दाजी बिचारे लाजत म्हणाले, "आरं, माझा फोटू टाकायचा की." तर पोरं म्हणाली, "आण्णा, तुमचा टाकला तर वळखनार कोन?" सत्काराला सूट घालूनच या अशीही अट होती. रबरावरून शाल सारखी घसरत होती, शेवटी सरपंचांनी ती धरून भाषण केलं. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. मग डोकं काढल्यावरचं दाजींचं तोंड बघितलं आणि माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

आणि एके दिवशी दाजी उड्या मारत आले. शेवटच्या भागात सेनापती पृथ्वीवासीयांच्या समोर मुखवटा काढतो, आत माणूसच असतो, असा प्रसंग होता. शूटिंगही झालं होतं. दाजींनी त्यांचा आणि भीमेपलीकडचा आमचा, असे दोन्ही तालुके फोन करून उठवले. मंदिरासमोर पडदा बांधला, आम्ही खुटबावहून जीप भरून गेलो, ताईनं पातेलंभर चिवडा केला. दाजींनी त्या दिवशी दोनदा दाढी केली. सात वाजायच्या सुमारास आबा आले, कडक धोतर, नवी टोपी, आणि थेट पुढच्या खुर्चीत बसले. माझ्या शेजारी बसलेले दाजी सारखा गालावरून हात फिरवून दाढी तपासत होते.

सेनापती यानाच्या दारात आला. वळला. दोन्ही हातांनी निळं डोकं वर उचललं. आतून एक गोरापान, कुरळ्या केसांचा, कुणीतरी भलताच पोरगा निघाला आणि दोन पावलं पुढं आला.

वाहिनीला पुढच्या पर्वासाठी देखणा चेहरा हवा होता, म्हणून तो तुकडा पुन्हा चित्रित केला, हे नंतर कळलं. दाजींना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आण्णा लय उजळल्यात." कुणी हसलं नाही. दाजी खाली मान घालून बसले. ताईनं चिवड्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मला त्या कुरळ्या केसांच्या पोराला दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या.

मग आबा उठून लोकांकडं तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "डोकं काढल्यावं दिसला त्यो परका. दारापतूर चालत आला त्यो आमचा."

सरपंच म्हणाले, "आबा, तुम्हीच तर मानत नव्हता."

"लोकांत म्हनायचो तसं. घरात आरशातनं समदं बघायचो," आबा म्हणाले. "पाय बगा त्याचं. रात-दिस उसाला पान्याची दारं धरून, वाफ्यातल्या चिखलातनं पाय उचलून उचलून चालनाऱ्याची चाल हाय ती. म्याच शिकीवली. त्यो गोरा दोन पावलं चालला आन् मला कळलं."

दिग्दर्शक ज्या चालीला परग्रहावरची म्हणून डोक्यावर घ्यायचा, ती वडगावच्या उसाला पाणी देता देता पडलेली होती. दाजी उपरण्यात तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले, आणि आम्ही सगळेच रडलो, सरपंचसुद्धा.

आता दाजी दुसऱ्या मालिकेत यंत्रमानव आहेत. या वेळी पत्र्यात. तोंड अजून टीव्हीवर आलेलं नाही, वयही उतरत चाललंय, आणि आता ते येईल असं मला खरं तर वाटत नाही. मागच्या रविवारी मी वडगावला गेले होते. आबांना आता कमी दिसतं, म्हणून ते टीव्हीच्या अगदी जवळ बसतात. मालिका लागली आणि दाजी चहाचा कप घेऊन मध्ये उभे राहिले. आबांनी त्यांना हातानं बाजूला ढकललं. "आरं सरक की," ते म्हणाले, "पोरगा दिसंना मला."