दुसऱ्या अंकाची जुनी प्रत

आमच्या भागात अजूनही सांगतात, की त्या मंडईच्या नाटकात म्हाताऱ्या प्रॉम्टरने घोटाळा केला. घोटाळा त्याने केला नव्हता. तो माझ्या दुकानात, माझ्या हाताने झाला. हे मी तोंडाने सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. म्हणून लिहितो आहे.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नट आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला सवड कोणाला? विंगेत बसलेला प्रॉम्टर प्रत्येक वाक्य आधी बोलतो, नट ते उचलून मोठ्याने म्हणतो. माझा मित्र मिसरूड फुटल्यापासून हे काम करत होता. त्याचं वाक्य नटाला ऐकू जायचं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला नाही. हे सगळ्यांना जमत नाही.

मी मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला टायपिंगचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, अर्ज, नाटकाच्या प्रती. पुढे हात थरथरू लागला. माऊस धरला की बाण भलतीकडेच पळायचा. एका उन्हाळ्यात पुतणी आली, तिने माझे हाल पाहिले आणि संगणकात एक लाँचर टाकून दिला. दोन बटणं एकदम दाबली की स्क्रीनच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात नावाची पहिली दोन अक्षरं टाइप करायची. त्या अक्षरांच्या फायली खाली येतात, आपण जी जास्त वेळा उघडतो ती सगळ्यांत वर. एंटर दाबला की ती समोर हजर.

"काका, त्याला तुमची सवय कळते," ती म्हणाली.

मला तर गुदगुल्याच झाल्या. थरथरणाऱ्या हाताचा माणूस अख्ख्या रस्त्यात सगळ्यांत झटपट काम करून देऊ लागला. गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसायच्या आत मी त्याची फाइल उघडत असे. स्क्रीनकडे बघणंही हळूहळू सोडून दिलं.

त्या वर्षी आमच्या नाटक मंडळाने जुनंच नाटक पुन्हा घेतलं होतं, पण दुसरा अंक बदलला होता. आधी त्यात बाप मरायचा, आता तो शेवटपर्यंत जगणार होता. नवा अंक मीच टाइप केला होता. मित्राची नजर कमजोर, म्हणून त्याची प्रत मी नेहमी मोठ्या अक्षरांत काढून देत असे. प्रयोगाच्या दिवशी तो दुपारी आला. बाहेर मंडळाची गाडी हॉर्न वाजवत होती.

मी दोन अक्षरं दाबली, एंटर दाबला, छपाईला दिलं.

"पाहून तं घे बे एकदा," तो म्हणाला.

"पाहाचं काम नाही गड्या. तू चष्मा काढेपर्यंत माहं काम होऊन जाते."

"मास्तर, तू लय फास्ट होऊन राहिला. यमाले बी मागं टाकशील."

कागद अजून गरम होते. तो ते पिशवीत घालून गेला.

लाँचरने वर आणली होती ती मागच्या वर्षीची फाइल. तीच मी जास्त वेळा उघडली होती.

प्रॉम्टरला विचार करायला वेळ नसतो. डोळा अक्षरावर पडतो आणि तोंड चालतं. तो म्हणाला, "बाबा गेले!" नटीने तेच उचललं आणि अशी रडली, की बायकांनी पदर डोळ्याला लावले. तिसऱ्या अंकात तोच बाप काठी टेकत मंचावर आला. मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तं मेला होता ना!" मग नाटक उरलंच नाही. लोक हसत सुटले.

मंडळाच्या मालकाने सगळ्यांसमोर माझ्या मित्राला सुनावलं, "घरची जुनी प्रत घेऊन आलास. बुढापा आला, आता घरी बस." त्याच्या घरी मागच्या वर्षीची प्रत होतीच, तीही मोठ्या अक्षरांतली. त्याला स्वतःलाही तेच खरं वाटलं. घरी येऊन त्याने दोन्ही प्रती न पाहताच चुलीत घातल्या.

मला दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर कळलं. दोन अक्षरं दाबली, तर वर जुनी फाइल. मी दुकान बंद करून त्याच्याकडे निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून परत आलो. ज्या झटपट कामाची मी एवढी मिजास केली, तेच चुकलं हे कोणत्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू म्हटलं. त्या उद्यात हंगाम निघून गेला. मंडळाला नवा प्रॉम्टर मिळाला होता. त्याच्यासाठी मी दर वेळी जपून, दोनदा बघून, नवा अंक छापून देत होतो.

होळीनंतर मित्राच्या अंगणात जाऊन एकदाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो हसला.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिला ना?"

"नाही गड्या. चाल दुकानात, दाखवतो."

वहिनीही सोबत आल्या. मी दोघांना संगणकासमोर बसवलं, दोन अक्षरं दाबली, एंटर दाबला.

नवा अंक उघडला. बाप जिवंत.

हंगामभर मी तोच उघडला होता. आता लाँचरला ती सवय लागली होती. मी त्यांना समजावू लागलो, की तेव्हा जुनी वर होती, आता नवी वर येते. बोलता बोलता माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

"भाऊजी, राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "हे रोज पेपर वाचतात, पण आता मोठ्यानं नाही. मी म्हटलं वाचा, तर म्हणतात, माह्या तोंडाचा भरोसा नाही."

मी मालकाकडेही गेलो. तो म्हणाला, "मास्तर, दोस्ती असावी तं अशी." आणि त्याने चहा मागवला.

हे लिहिलेलं काल मित्राला वाचून दाखवलं, कारण तो स्वतः वाचेना. शेवटपर्यंत त्याने मान खाली घालून ऐकलं. मग माझा थरथरणारा हात आपल्या हातात धरून ठेवला.

"छान लिहिलंस," तो म्हणाला. "पण कायले एवढं करतं बे? चूक माहीच, पण मी नाही रागावलो माह्यावर."