धाकटीचा आवाज लागतो ती जागा

चष्म्याच्या दुकानातल्या वहिनींना त्या रविवारी एका जागी बसवेना. दुकान बंद, शटर अर्धं खाली, मागच्या खोलीत नंबर तपासायच्या तक्त्यासमोर सात खुर्च्या मांडून झालेल्या; तरी त्या कधी काउंटर पुसत, कधी कुणाची तरी तयार फ्रेम उचलून तिच्या काड्या उगाच आवळत. तेवढ्यात एक स्क्रू निसटला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पडलेला स्क्रू वहिनी आवाजावरून शोधत आल्या होत्या. वाकायचं, हात घालायचा, स्क्रू चिमटीत. आज त्या गुडघ्यांवर बसून सगळी फरशी चाचपत राहिल्या. तो पडताना त्यांनी पाहिला होता, ऐकला नव्हता.

हे गुपित त्यांचं एकटीचं होतं. थंडीपासून बारीक आवाज एकेक करून त्यांना सोडून चालले होते. आधी दाराची घंटी गेली, मग किटलीची शिट्टी, आणि मग ज्याच्यावर त्यांचा जीव, तो धाकटीचा आवाज.

धाकटी म्हणजे गाणाऱ्या जोडीतली. थोरली आणि धाकटी ही नावं चाहत्यांनीच ठेवलेली. थोरलीचा आवाज भरदार, धाकटीचा असा की आधी अंगावर शहारा यावा आणि मग कळावं, अरे, ही गायला लागली. वहिनी लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा पहिला आठवडा सगळ्यांशी जपून बोलत होत्या. एका दुपारी नणंदेच्या खोलीतून या दोघींचं गाणं ऐकू आलं आणि नवी नवरी न विचारता आत शिरली. तिथून वहिनी-नणंदेचं जे जमलं, ते तीस वर्षं टिकलं.

तेव्हाच त्यांनी एक खेळ काढला. गाणं लावायचं, डोळे मिटायचे, आणि थोरलीच्या आवाजामागे धाकटीचा आवाज जिथे हळूच लागतो तिथे हात वर करायचा. पुढे चाहत्यांचं मंडळ झालं आणि खेळाचा रिवाज झाला: ज्याचा हात पहिला, त्याने चर्चेत पहिलं बोलायचं. बहुतेक वेळा वहिनीच जिंकत. मंडळी म्हणत, कान म्हणावा तर वहिनींचा. अलीकडे मात्र त्या ऐकून नव्हे, मोजून जिंकत होत्या. सगळी गाणी तोंडपाठ. मनात ओळी मोजायच्या आणि वेळेवर हात वर करायचा.

आजची चर्चा साधी नव्हती. जोडीच्या कचेरीने सगळ्या मंडळांना विचारलं होतं, पुढचा अल्बम कसा हवा? दणदणीत ठेक्याचा, की नुसता एक पियानो आणि दोन गळे? प्रत्येक मंडळाने एकपानी पत्र पाठवायचं. झालं, महिनाभर दोन तट. ठेकेवाल्यांचे पुढारी ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. त्यांचं म्हणणं, गळ्याची गाणी गाडीत लावली की शिकाऊ माणूस चाकावरच पेंगतो. गळेवाल्यांच्या पुढारी नणंदबाई. त्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायच्या, त्यामुळे उत्तर कायम तयार: ठेकाच ऐकायचा असेल तर मास्तरांनी आपलं इंजिन ऐकावं. तीन तिकडे, तीन इकडे, आणि सातव्या वहिनी.

वहिनी जन्माच्या गळेवाल्या. पण महिनाभर त्या ठेका, ठेका करत होत्या. ठेका टेबलावर हात ठेवला तरी कळायचा. नुसत्या गळ्यांचा अल्बम निघाला तर त्यातली अर्धी गाणी त्यांच्यापुरती मुकीच राहणार होती. नणंदबाई टोमणे मारत, आमच्या वहिनींना साठीला टेकल्यावर नाचायचंय. वहिनी हसण्यावारी न्यायच्या आणि आतल्या आत तडफडायच्या.

मंडळी जमली. त्या दिवशी पंच नणंदबाई होत्या. पंचाने डोळे उघडे ठेवायचे. मास्तरांनी परवाच्या जलशाचं ताजं रेकॉर्डिंग आणलं होतं. गाणं जुनंच, सगळ्यांच्या ओळखीचं. सगळ्यांनी डोळे मिटले. वहिनींनी मोजलं: पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवटचा शब्द. हात वर.

जलशात धाकटी तिथे गायलीच नव्हती. दोन कडवी थोरली एकटीच गात राहिली. वहिनींचा हात केव्हाच खाली येऊन मांडीवर निवांत पडला होता, तेव्हा तिसऱ्या कडव्याला बाकीचे पाच हात वर गेले.

नणंदबाईंनी घसा साफ केला. “पहिला हात वहिनींचा,” त्या म्हणाल्या आणि चहाचे कप आणायच्या निमित्ताने वहिनींना पुढे काउंटरपाशी घेऊन आल्या.

“वहिनी, तुम्ही हात वर केलात तिथे धाकटी नव्हतीच.”

वहिनी कप पुसत राहिल्या. तोच कप, पुन्हा पुन्हा.

“कधीपासून?”

“थंडीपासून.”

“चष्मा लावायला कुणी लाजलं की तुम्ही काय सुनावता? नंबर लागला की लागला, त्यात लाज कसली. सुनावता ना?”

“ते डोळ्यांचं. आणि ते दुसऱ्यांचे असतात, वन्सं.”

नणंदबाईंना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. “म्हणून ठेका?”

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. मग कप तिथेच ठेवून त्या तरातरा मागच्या खोलीत गेल्या. ठेक्याच्या बाजूने पाठ केलेलं भाषण त्यांनी गिळलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं की धाकटी आपल्याला ऐकू येत नाही, आत्ताचा हातही अंदाजाने होता, आणि महिनाभर त्या जे भांडल्या ते गाण्यांसाठी नव्हे, स्वतःच्या कानांसाठी. “माझं मत गळ्याला,” त्या म्हणाल्या.

“आणि माझं ठेक्याला,” मागून नणंदबाई म्हणाल्या.

मास्तरांनी बोटांवर दोनदा मोजलं. ठेका चार, गळा तीन. महिनाभर ज्यासाठी भांडले ते पदरात पडलं होतं, आणि चेहरा मात्र गाडी नाल्यात घातल्यासारखा.

“वन्सं, मत मागे घ्या.”

“दिलं ते दिलं.”

“माझ्यासाठी अल्बम काढतायत का त्या?”

“तुमच्यासाठी मी मत द्यायचं नाही असा नियम आहे का कुठे?”

दोघी अशा जुंपल्या की मंडळींनी आपापले कप आपणच आणले. कुणी मागे हटेना. शेवटी पत्र वहिनींनीच लिहिलं, कारण अक्षर त्यांचं. आमच्या मंडळाचं मत ठेक्याला, चार विरुद्ध तीन. खाली त्यांनी जोडलं: ‘चारांतलं एक मत माझ्या नणंदेने गाण्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी दिलं आहे. ते कसं मोजायचं ते तुम्ही ठरवा.’ नणंदबाईंनी वाचलं, चोंबडेपणा म्हणाल्या, आणि पाकीट आपल्याच हाताने चिकटवलं.

सोमवारी सकाळी त्या आपल्या खिडकीवर बसल्या नाहीत. वहिनींचा दंड धरून त्यांना थेट कानांच्या विभागात घेऊन गेल्या. वहिनींना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबा, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

आधी जाड आवाज आले. वहिनींनी भराभर दाबलं. मग शांत झालं, आणि ती शांतता त्यांना सोसवेना. पाय हलू लागला, अंगठा शिवशिवू लागला. मन आपोआप मोजायला लागलं: एक, दोन, तीन, आता आलाच असणार. दाबलं. पुन्हा मोजलं, पुन्हा दाबलं. वर पाहतात तर काचेपलीकडे नणंदबाई हाताची घडी घालून पंचासारख्या उभ्या, मान नकारार्थी हलवत.

वहिनी ओशाळल्या. त्यांनी अंगठा बटणावरून उचलला, डोळे मिटले आणि आकडा मनातून काढून टाकला. काहीच ऐकू येत नव्हतं. त्या न मोजता थांबून राहिल्या.