पूजेत मांडलेली नळी

"जीभ दाखवा." आमचे डॉक्टर कोणालाही भेटले की नमस्काराच्या आधी हे म्हणत. रस्त्यात, देवळात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एकदा भर बाजारात मामलेदारांनी जीभ काढलेली मी पाहिली आहे, आणि मागोमाग त्यांच्या पट्टेवाल्यानेही.

मुलांनो, तिकडे वर्षातला एक दिवस डॉक्टरांचा म्हणून पाळतात, त्यांना फुले देतात, असे तुम्ही लिहिलेत. माझ्या लहानपणी रत्नागिरीतही असा दिवस होता, धनत्रयोदशीचा. धन्वंतरी हा देवांचा वैद्य. त्याची त्या दिवशी जयंती, आणि वैद्यमंडळी ती पूर्वापार करत आलेली. आमचे डॉक्टर मुंबईला शिकलेले, पण त्यांचे वडील वैद्य होते. म्हणून मांडवीच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात वडिलांचा खल मांडला जाई आणि शेजारी डॉक्टरांची छाती तपासायची नळी, थर्मामीटर, सुया. सगळ्यांवर हळदकुंकू. लोक नारळ घेऊन येत. डॉक्टर प्रत्येकाच्या हातावर कडुलिंबाचे पान आणि साखर ठेवून म्हणत, "आज एवढंच औषध."

ते खरेही होते. दसऱ्याला पूजेतली हत्यारे जशी उचलत नाहीत, तशी ही नळीही दुसऱ्या सकाळपर्यंत उचलायची नाही, असा रिवाज होता. डॉक्टरांनी तो घातला नव्हता, पण मोडलाही नव्हता. लोक आपली दुखणी आदल्या दिवशी दाखवून घेत, नाहीतर उद्यावर ढकलत.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे, मी इंग्रजी तिसरीत असताना, काकीला सणाच्या तोंडावर ताप आला. धनत्रयोदशीच्या सकाळी ती बोलताना मध्येच थांबून श्वास घेऊ लागली. काका नोकरीसाठी मुंबईत. माझी आजी म्हणाली, आज पूजा आहे, त्या भल्या माणसाला पेचात टाकू नये, उद्या उजाडताच बोलावू. तिच्या मनात डॉक्टरांचा मानच होता. मला नारळ देऊन पाठवले आणि तिथे काही बोलायचे नाही, असे बजावले.

डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली. "घरी सगळी बरी ना गो?"

मी होकाराची मान हलवली.

"काकी कशी नाही आली? दरवर्षी येते."

मी हातावरच्या पानाकडे पाहत राहिले. मग मीच म्हणाले, "तिला श्वास पुरत नाही."

डॉक्टरांनी एकदा पूजेकडे पाहिले. नळी उचलली, तिच्यावरच्या अक्षता झटकल्या आणि अनवाणीच निघाले.

घरी आजी दारात आडवी आली. "डॉक्टर, ती पूजेतली नळी..."

"आजी, तोही वैद्यच आहे. त्याला कळेल."

नळीवरचे कुंकू काकीच्या पाठीला लागले. न्यूमोनिया होता. रात्र काढली असती तर कठीण होते, एवढेच ते बोलले. त्या काळी त्यावर नेमके औषध नव्हते. आम्ही जवसाची पोटिसे बांधत होतो, डॉक्टर दिवसातून दोनदा येत होते. आठव्या दिवशी काकीला दरदरून घाम आला आणि ताप उतरला. तोपर्यंत आजी कोणाशी धड बोलली नव्हती. त्या सकाळी ती डॉक्टरांपुढे हात जोडून रडू लागली, तसे ते ओशाळले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी मांडून ठेवत होतो, म्हणून तुम्ही थांबलात."

पुढल्या वर्षापासून आरती झाली रे झाली की ते नळी गळ्यात घालत.

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, ऐन पावसाळ्यात डॉक्टर गेले. त्या दिवाळीला दवाखान्यात नवे डॉक्टर बसले होते, तरुण आणि अतिशय नम्र. धनत्रयोदशीला काकीला खोकला झाला, अगदी साधा. आजी मला घेऊन स्वतः दवाखान्यात गेली. नव्या डॉक्टरांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, हत्यारे पूजेत आहेत, उद्या सकाळी नक्की येतो.

आजी बसली नाही.

"उचला ती," ती म्हणाली. "आमचे डॉक्टर उचलायचे."