काचेला माया नसते

मैसूरला आमच्या गल्लीतले शिंपीमामा शिवणयंत्राच्या शेजारी शोभेचे मासेही विकायचे. तोंडात टाचण्या धरूनच बोलायचे. गिऱ्हाइकाने मासा मागितला, की आधी टाकीचं माप विचारायचे.

माझ्या टाकीत शेवाळ साचलं, तेव्हा मी शेवाळ खाणाऱ्या काळ्या सकर माशावर बोट ठेवलं. मामांनी टाचण्या काढून ठेवल्या. "नोडु, बघ पोरी, हा दोड्डा होतो, हातभर. तुझ्या पोलक्यात मी शिवणीला जादा कापडाची माया सोडतो. तू वाढलीस की उसवायचं. काचेला कुठली माया?" त्यांनी बोटाच्या पेराएवढे शेवाळखाऊ मासे पिशवीत घालून दिले.

ती टाकी केव्हाच फुटली. परवा ट्रंकेत शाळेतलं पोलकं सापडलं. दरवर्षी उसवूनही शिवणीत अजून दोन बोटं माया शिल्लक होती.